तेरावी थाप

"दहा थापा मनगटातून," आंग्मो म्हणाली. "मग दहा कोपरातून. मग दहा खांद्यातून. दीदी, तुम्ही मोजा. अंकलजी, तुम्ही या खांबावरून नजर हलवू नका."

आम्ही तिघं छातीएवढ्या खड्ड्यात उभे होतो. खड्डा बर्फातला. त्याच्या वरच्या भिंतीतून आंग्मोनं करवतीनं एक चौकोनी खांब कापून सुटा केला होता, फूटभर लांब, फूटभर रुंद. त्याच्या डोक्यावर तिनं फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि त्यावर बोटांनी हलकेच थाप मारली.

"एक," मी म्हणाले. "दोन. तीन."

लाहौलमधली फेब्रुवारीतली सकाळ होती. आकाश इतकं निळं की गॉगल काढला तर डोळ्यांत पाणी यावं. आमच्या डाव्या हाताला डोंगराची धार होती, आणि धारेपलीकडे तो उतार होता ज्याच्यासाठी आम्ही सांगलीहून इतक्या लांब आलो होतो. मेमेची पाठ. मेमे म्हणजे आजोबा. खालच्या गावातून पाहिलं तर वाकून शेकोटीशी बसलेल्या म्हाताऱ्याची पाठ दिसावी तसा तो उतार दिसतो. वरपासून खालपर्यंत एक झाड नाही, एक खडक नाही. नुसता पांढरा.

"पाच. सहा."

अप्पा खांबाकडे बघत होते. त्यांच्या मिशीवर श्वास गोठून बारीक दाणे झाले होते.

अप्पा म्हणजे माझे सासरे. तेव्हा बासष्ट वर्षांचे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, सगळी नोकरी सपाट कालव्याच्या कडेनं सायकल मारण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर मित्रांबरोबर मनालीच्या सहलीला गेले. मित्रांनी भाड्याचे केसाळ कोट घालून फोटो काढले. अप्पांनी भाड्यानं स्की घेतल्या, सतरा वेळा पडले, अठराव्या वेळी झाडापर्यंत न पडता गेले, आणि सहलीची बस निघाली तेव्हा "तुम्ही व्हा पुढं" म्हणाले. तरुणपणी तालमीत कमावलेल्या मांड्या होत्याच. पुढच्या हिवाळ्यात पंधरा दिवस गेले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात महिनाभर. आंग्मो त्यांना तिथंच भेटली. त्यांची शिक्षिका. वयानं माझ्याएवढी.

माझ्या लग्नाला त्या दिवशी आठ महिने झाले होते. माहेर पुण्याचं, सासर तासगावजवळ, द्राक्षाच्या बागांमध्ये. सांगलीच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत माझी नोकरी होती, ती तशीच चालू होती. घर चांगलं, माणसं चांगली. पण मी मुळात अबोल, आणि नवीन घरात आणखीच मिटून गेले होते. काही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: "चालेल." चहा टाकू? चालेल. पंखा बंद करू? चालेल. रविवारी मावशींकडे जाऊया? चालेल.

लग्नाच्या चौथ्या दिवशी नाश्त्याला बोलता बोलता कळलं की मी कॉलेजात असताना औलीला स्कीइंगचा कोर्स केलाय. अप्पांच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. "पायाखाली कोणत्या स्की होत्या?" त्यांनी विचारलं. त्या घरात मला बोलायला एक विषय मिळाला आणि त्यांना एक माणूस मिळालं.

अभिनंदनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फेब्रुवारीत हलता येत नाही. द्राक्षांची काढणी असते. "तुम्ही दोघं जाऊन या," तो म्हणाला. गावात लोकांना मोठी गंमत वाटली. सासरा आणि सून बर्फात घसरायला निघालेत! अप्पांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी भेटेल त्याला मेमेच्या पाठीचा फोटो दाखवला. दूधवाल्याला दाखवला. सोसायटीच्या सचिवांना दाखवला. "यंदा इथनं उतरणार. मी आणि त्रिशला."

"दहा," मी म्हणाले.

"आता कोपरातून," आंग्मो म्हणाली.

---

नियम तिनं सकाळीच सांगितला होता, तिच्या घरच्या स्वयंपाकघरात, आम्ही बुटांच्या कड्या आवळत असताना.

"वर गेल्यावर मी बर्फ तपासेन. जे दिसेल ते तुम्हाला दाखवेन. मग प्रत्येकानं आपलं मत सांगायचं. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी सगळ्यांचं 'नाही'. का म्हणून विचारायचं नाही. तोंड पाडायचं नाही."

"आणि तुझं मत?" अप्पांनी विचारलं.

"माझं शेवटी. मी आधी बोलले तर तुम्ही तुमचं बोलणारच नाही. माझंच परत बोलून दाखवाल." ती हिंदीत बोलायची, स्वच्छ आणि भरभर, आणि बोलताना डोळ्यांत बघायची.

आम्ही सातला निघालो. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या की चढावर त्या मागे घसरत नाहीत. पाय उचलायचा नाही, नुसता पुढे सरकवायचा. सर्र, सर्र, सर्र. तासभर भोजपत्राच्या जंगलातून चढलो. पांढऱ्या सालींची झाडं, सालीचे पापुद्रे वाऱ्यावर फडफडत होते. एका ठिकाणी आंग्मो थांबली आणि काठीनं शेजारच्या मोकळ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. पट्ट्याच्या कडेच्या झाडांना चढाकडच्या बाजूला एकही फांदी नव्हती, सगळ्या फांद्या उताराकडच्या बाजूला.

"कुणी तोडल्या?" अप्पांनी विचारलं.

"हिमलोटानं, वरून कोसळत येणाऱ्या बर्फानं. तो येतो-जातो त्या वाटेवर झाडं अशी अर्धीच वाढतात. आणि जिथून आपण चाललोय ती बघा."

आमच्या आजूबाजूची झाडं चारी बाजूंनी भरलेली होती. जुनी, जाड, फांद्यांनी गच्च. आम्ही त्यांच्यातून पुढे गेलो.

झाडं संपली तसा वाऱ्याचा लेखाजोखा बर्फावर दिसू लागला. धारेच्या या बाजूला वाऱ्यानं बर्फ खरवडून नेला होता, खडक उघडे पडले होते. तो सगळा बर्फ कुठे गेला असेल हे विचारायला नको होतं. धारेच्या पलीकडे, मेमेच्या पाठीवर. तीन दिवसांपूर्वी दोन फूट बर्फ पडला होता, त्यानंतर एक दिवस वारा.

शेजारच्या उतारावर मात्र दोघांच्या स्कीच्या नागमोडी रेघा होत्या, कालच्या असाव्यात.

"ते गेले की!" अप्पा म्हणाले.

"गेले," आंग्मो म्हणाली. "रेघ एवढंच सांगते, अंकलजी. तेव्हा, तिथून, ते गेले."

मग एका बुटक्या उतारावर ती थांबली. त्याचं तोंड मेमेच्या पाठीचं होतं त्याच दिशेला होतं, चढही तेवढाच, पण उंची जेमतेम दोन माणसांची. इथं काही घसरलंच तर गुडघ्यापर्यंत येईल. तिनं फावडं बर्फात रोवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"दीदी, तुम्ही मातीचं काम करता ना? मग खोदा."

खोदायला लागले आणि मला हसूच आलं. शेतात मातीचा नमुना घ्यायला आम्ही असाच खड्डा करतो. एक भिंत सरळ, तासलेली, आणि मग वरून खाली बोट फिरवत यायचं. कुठे माती भुसभुशीत, कुठे चिकट, कुठे मुरमाड. इथंही थर होते. सगळ्यात वर नवा, मऊ, पिठासारखा. त्याखाली वाऱ्यानं दाबलेला, बोट जोर लावल्याशिवाय आत जाईना असा. त्याखाली पुन्हा जुना, घट्ट. आणि अगदी खाली, जमिनीच्या वर हातभर—

माझं बोट एकदम आत गेलं. पूर्ण पंजाच गेला. मी मूठ बाहेर काढून उघडली. हातमोज्यावर मोठमोठे चकाकणारे दाणे होते. मूठ वळली तरी ते एकमेकांना धरत नव्हते. कुस्करले, तर बोटांमधून गळून गेले.

"साखर," अप्पा म्हणाले.

"साखरच म्हणतो आम्ही," आंग्मो म्हणाली. "नोव्हेंबरात थोडाच बर्फ पडला, मग महिनाभर कडाक्याची थंडी. तेव्हाचे दाणे आहेत हे. त्यांच्यावर आता एवढं ओझं बसलंय." तिनं आपल्या छातीपर्यंत हात नेला.

माझ्या प्रयोगशाळेत असा नमुना आला असता तर मी त्यावर विहिरीचं बांधकामसुद्धा करू नका म्हणून लिहून दिलं असतं. पण हे मनातल्या मनात. तोंडानं मी म्हणाले, "अच्छा."

---

"अकरा. बारा."

आंग्मोचा हात कोपरातून वर गेला आणि पात्यावर पडला.

"तेरा."

खांब हलला. आवाज आला नाही, भुगा झाला नाही. वरचा सगळा चौकोन, जसाच्या तसा, कडा न मोडता, खालच्या साखरेवरून सरकला आणि अलगद माझ्या मांडीवर येऊन टेकला. एखाद्यानं कपाटाचा खण ओढावा तसा.

आंग्मोनं तो सरकलेला तुकडा उचलून त्याची खालची बाजू आम्हाला दाखवली. आरशासारखी सपाट होती.

"तेरा," ती म्हणाली. "सातला गेला असता तर मी तुम्हाला विचारलंही नसतं, उलटं वळवलं असतं. तिसाव्यापर्यंत टिकला असता तर शिट्टी वाजवत गेलो असतो. तेरा म्हणजे मधलं. पण ज्या तऱ्हेनं सरकला ती तऱ्हा मला आवडली नाही. त्याच वेळी हेही खरं, की तीन दिवस झाले, आभाळ स्वच्छ आहे, थंडी टिकून आहे, आणि शेजारी रेघा आहेत. जे दिसलं ते एवढं." तिनं फावडं पुसलं. "आता तुम्ही बोला."

"जाऊया की!" अप्पा म्हणाले.

इतक्या मोठ्यानं म्हणाले की धारेपलीकडून कावळ्यासारखे पिवळ्या चोचीचे दोन पक्षी उडाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा लालबुंद, डोळे मोठे झालेले, ओठांवर हसू. मला दूधवाला आठवला, सोसायटीचे सचिव आठवले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, निघताना डब्यात भरून दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि "त्यांची हौस एकदाची होऊ दे गं" हे शब्द आठवले. सहा महिने या माणसानं गच्चीवर रोज दीडशे बैठका मारल्या होत्या. तो आता त्या खड्ड्यात उभा राहून म्हणत होता, जाऊया की. आणि मी आठ महिन्यांची सून.

"दीदी?" आंग्मोनं विचारलं.

माझ्या तोंडात "चालेल" तयार होतं. जिभेच्या टोकावर होतं. हातमोज्यावर अजून चार-पाच दाणे चिकटले होते, ते उन्हात चमकत होते.

"नको," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला की नाही कळेना. म्हणून पुन्हा म्हणाले. "अप्पा, नको. मला नाही जायचं."

अप्पांचं हसू तिथंच थांबलं. ओसरलं नाही, वाढलं नाही, नुसतं थांबलं.

आंग्मोनं 'का' म्हणून विचारलं नाही. ती 'ठीक आहे' म्हणाली, फावडं उचललं आणि खड्डा बुजवायला लागली.

---

धारेवरून जंगलाच्या तोंडापर्यंत यायला वीस मिनिटं लागली असतील. इतकी लांब वीस मिनिटं मी जन्मात कधी अनुभवली नाहीत. पुढे आंग्मो, मध्ये अप्पा, मागे मी. अप्पा एक शब्द बोलले नाहीत. नेहमी हा माणूस चालताना बोलतो, धापा टाकत बोलतो, कालव्याच्या गोष्टी सांगतो, मराठीत आंग्मोला विनोद सांगतो आणि तिला न कळताच तीही हसते. आणि आता नुसतं सर्र, सर्र.

मी मनात वाक्यं जुळवत होते. अप्पा, माझं चुकलं. अप्पा, उद्या पुन्हा तपासूया. अप्पा, तुम्ही आणि आंग्मो जा, मी खाली थांबते. एकही वाक्य धड होईना. घरी गेल्यावर काय सांगतील? फोटो दाखवलेल्या सगळ्या माणसांना काय सांगतील? सुनेनं घाबरून परत फिरवलं?

जंगलाच्या तोंडाशी पहिलं मोठं भोजपत्राचं झाड होतं. अप्पा त्याला टेकून उभे राहिले. आमच्याकडे पाठ. गॉगल कपाळावर सरकवला. त्यांचे खांदे हलायला लागले.

बासष्ट वर्षांचा माणूस, आणि मी त्याला रडवलं.

"अप्पा," मी जवळ गेले. "अप्पा, असं नका ना—"

ते वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिशीवरचा बर्फ वितळून ओघळत होता, आणि ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून.

"अगं," ते म्हणाले, आणि पुन्हा हसू फुटलं. "अगं त्रिशला, माझे पाय... तो चौकोन सरकला ना, तवा माझे पाय लटलट कापत हुते. बुटात हुते म्हणून उभा राहिलो."

"मग तुम्ही 'जाऊया' का म्हणालात?"

"तुला जायचं हुतं ना!"

"मला?"

"मग कुणाला? तो फोटो आंग्मोनं पाठवला त्या दिवशी तुला दाखवला. तू बघितलास आणि हसलीस. चांगली दात दाखवून हसलीस. घरात आल्यापासनं पहिल्यांदा. मी तुझ्या सासूला म्हणालो, ही पोरगी आपल्याकडं सुकतीया, हिला एकदा त्या उतारावर न्यायची. म्हणून तर साऱ्या गावाला सांगत सुटलो. आता माघार घेतली तर तुझा हिरमोड."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "अप्पा, मी हसले कारण तुम्ही फोटो उलटा धरला होता."

त्यांनी क्षणभर विचार केला. मग त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतर पुष्कळदा ऐकला. मीही हसायला लागले. हसता हसता माझी एक स्की दुसरीवर चढली आणि मी आडवी झाले, मला उठवायला वाकलेले अप्पा माझ्यावर आडवे झाले, आणि आम्ही दोघं त्या झाडाखाली बर्फात पडून, चार काठ्या आणि चार स्कींच्या गुंत्यात, लहान मुलांसारखे हसत राहिलो. माझ्या मानेतून बर्फ आत गेला होता आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

आंग्मो थोडा वेळ बघत होती. "मला कुणी सांगेल का?" ती म्हणाली. मी तिला सांगितलं. ती पण हसली, पण आमच्यासारखी नाही. हसली आणि मग तिनं दीर्घ श्वास सोडला.

"चला," ती म्हणाली. "पट्ट्या काढा. आता जंगल."

---

आता ते जंगल कसं सांगू?

उतार सौम्य होता, झाडं एकमेकांपासून दहा-बारा पावलं. वाऱ्यानं तिथं काही केलं नव्हतं, बर्फ पडला तसाच होता, दोन फूट, हलका, सुका. पहिल्या वळणालाच तो गुडघ्यापर्यंत उडाला आणि तोंडावर आला, आणि थंड लागण्याआधीच मागे गेला. आवाज नाही. स्कीचाही नाही. फक्त स्वतःचा श्वास आणि मधूनच सालीचा पापुद्रा फडफडल्याचा आवाज. डावीकडे झाड, उजवीकडे वळ. उजवीकडे झाड, डावीकडे वळ. पाय आपोआप ठरवत होते. औलीला शिकताना मी कायम मोजत असायचे, गुडघा किती वाकला, वजन कुठल्या पायावर. इथं मोजणं सुटलं.

बाजूनं अप्पा ओरडत चालले होते. ओरडत म्हणजे अक्षरशः. तालमीत पैलवान शड्डू ठोकून ओरडतात तसं, प्रत्येक वळणाला. "हे! हे! ह्ये!" एका वळणाला ते झाडाच्या पलीकडून गेले आणि दुसऱ्या बाजूनं निघाले ते नखशिखांत पांढरे होऊन, फक्त दात आणि गॉगल दिसत होता. "पडलो नाही!" ते ओरडले. "फांदी पडली! माझ्यावर!"

खाली सपाटीला आलो तेव्हा माझ्या मांड्या पेटल्या होत्या. आम्ही तिघांनी वर बघितलं. झाडांच्या मधून आमच्या तीन रेघा उतरल्या होत्या, एकमेकींत गुंतत, सुटत. अप्पांची ओळखू येत होती, जिथं जिथं रुंद होती तिथं.

"पुन्हा?" अप्पा म्हणाले.

आम्ही त्या दिवशी ते जंगल आणखी दोनदा चढलो आणि दोनदा उतरलो.

---

साडेतीनला आंग्मोच्या स्वयंपाकघरात चुलीशी बसलो. अप्पा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आमच्याकडे घरात सगळेच पाळतात, आणि अप्पा डोंगरातही पाळायचे, त्यामुळे आंग्मोच्या आईनं थुकपा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, लवकरच चढवला होता. कांदा-लसूण नको हे तिला तिसऱ्या दिवशीच पाठ झालं होतं. खिडकीतून मेमेची पाठ समोर दिसत होती. अख्खी. एक ओरखडा नाही.

अप्पा बराच वेळ तिकडे बघत होते. "पडला नाही की तो," ते म्हणाले. "म्हणजे आपण चुकलो काय?"

"माहीत नाही," आंग्मो म्हणाली. "ते तो उतार कधीच सांगत नाही, अंकलजी. आज गेलो असतो तर कदाचित जन्मातलं सगळ्यात सुंदर घसरणं झालं असतं. कदाचित नसतं."

"तुझं काय मत होतं?" मी विचारलं. "तू बोललीच नाहीस. आम्ही दोघं 'हो' म्हणालो असतो तर?"

तिनं चुलीत एक लाकूड सरकवलं. "मी सांगू खरं? त्या तऱ्हेनं सरकल्यावर मला नाहीच म्हणायचं होतं. पण अंकलजींचा चेहरा बघितला. कित्येक महिने ते मला फोनवर एकच विचारत होते, मेमे कसा आहे, मेमे कसा आहे. त्यामुळे मीसुद्धा... म्हणाले असते नाही. बहुतेक म्हणाले असते." ती थांबली. "त्या 'बहुतेक'साठीच नियम आहे. माझा मोठा भाऊ आणि त्याचे सोबती, असे पाच जण एकदा वर गेले होते. मागाहून कळलं, वर उभे असताना पाचही जणांच्या मनात शंका होती. प्रत्येकाला वाटलं बाकीच्यांना जायचंय. तिघं परत आले. भाऊ त्या तिघांत आहे. आता तो स्की घालत नाही, सफरचंदं लावतो. नियम त्यानं केला आणि मला शिकवला."

आंग्मोची आई वाट्या मांडत होती. तिला हिंदी फारसं येत नसावं, पण कोणाबद्दल चाललंय ते कळलं असावं. तिनं जाता जाता लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढे चौथ्या वर्षी आम्ही मेमेच्या पाठीवरून उतरलो. त्या वर्षी खाली साखर नव्हती, खांब तीस थापांना हलला नाही, आणि चौघांनी चार 'हो' म्हटले. चौथा अभिनंदन, काढणी उरकून आलेला. छान होतं. खूपच छान होतं. पण आजही घरात कुणी विचारलं की सगळ्यात भारी कधी वाटलं, तर अप्पा आणि मी एकदमच म्हणतो, जंगल.

त्या दिवशी मात्र अप्पांनी वाटी खाली ठेवली, फोन उचलला आणि खिडकीच्या कोपऱ्यात, जिथं जरा रेंज यायची तिथं, जाऊन बसले. फोन मोठ्या आवाजावर ठेवायची त्यांची सवय.

"झालं का अप्पा?" अभिनंदनचा आवाज आला. मागे क्रेट आपटल्याचे, माणसांच्या हाकांचे आवाज होते. "उतरलात?"

"नाही."

"का हो? काय झालं?"

"भीती वाटली रे," अप्पा म्हणाले.

पलीकडे क्रेट आपटत होते. पुढे अभिनंदननं मला सांगितलं की तेहतीस वर्षांत बापाच्या तोंडून हा शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकला होता आणि त्याला आधी वाटलं, फोन दुसऱ्याच कुणीतरी उचललाय.

"कुणाला?" त्यानं शेवटी विचारलं.

"मला! आणि कुणाला? पाय लटलट कापत हुते. त्रिशला नको म्हणाली म्हणून वाचलो, न्हाईतर नुसत्या लाजेपायी गेलो असतो खाली."

फोन कुणीतरी ओढून घेतल्याचा आवाज झाला. सासूबाई. "भितातच ते," त्या म्हणाल्या. "लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा हातातला हार असा थरथरत होता की निम्मी फुलं खाली. मला पलीकडनं दिसत होतं."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?" अप्पा ओरडले.

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून. त्रिशला कुठाय? तिला द्या."

मी फोन घेतला. "आई, मी बोलतेय."

"तू नको म्हणालीस?"

"हो."

"यांच्या तोंडावर?"

"हो, आई."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. मग जरा थांबल्या. "अशीच घरातही म्हणत जा की गं. तुला दोडका आवडत नाही हे मला पहिल्या महिन्यातच कळलंय. आज म्हणशील, उद्या म्हणशील, म्हणून मुद्दाम आठवड्यातनं दोनदा करतीया. आठ महिने झाले. आता मला पण नको झालाय तो दोडका."

अप्पा मागे भिंतीला टेकून पुन्हा तसेच पोट धरून बसले होते. मी हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही.

"क्या हुआ, दीदी?" आंग्मोनं घाबरून विचारलं. "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी मान हलवली. सांगायला तोंड उघडलं, आणि दोडक्याला हिंदीत काय म्हणतात ते मला काही केल्या आठवेना.